नावाचं कोहळं

गेल्या कार्तिकात मी देवळातल्या लिलावात बोली लावून एक कोहळं घेतलं आणि सगळी मंडळी एकदम गप्प झाली. पाय बांधून ठेवलेला कोंबडासुद्धा.

आधी कोहळं म्हणजे काय ते सांगतो. पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला आमच्या बुलढाण्याकडे कोहळं म्हणतात. आणि लिलाव म्हणजे आम्हां ख्रिस्ती लोकांच्या हंगामाच्या सणाचा लिलाव. पिकं घरात आली की एका रविवारी ज्याने त्याने आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी देवापुढे आणून ठेवायचं. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, फडक्यात बांधलेला कापूस, वाटीभर अंडी, एखादा कोंबडा. उपासना आटोपली की तिथेच बोली लागते आणि जे येईल ते देवळाच्या कामी लागतं. अमडापूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथे ख्रिस्ती घरं वीस-बावीस आणि देऊळ पत्र्याचं. मी अकोल्याला राहतो. आई गेल्यापासून दोन वर्षं मी या सणाला फिरकलो नव्हतो. या खेपेला सरोज, म्हणजे माझी बायको, म्हणाली, चला. म्हणून गेलो.

बऱ्याच दिवसांनी गावात आलेला माणूस जरा फुगलेला असतो. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसलो होतो. नवे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, अगदी तरुण, लिलाव पुकारत होते. त्यांनी हे कोहळं दोन्ही हातांनी उचललं. मागच्या बाकावरून याकोबकाका एक्कावन्न म्हणाले. काका म्हणजे माझ्या वडिलांचे जिवाभावाचे दोस्त, आता ऐंशीच्या घरात. त्यांच्यापुढे कोणी बोलेना. मला वाटलं, काय ही मंडळी, एवढं सणसणीत कोहळं आणि कोणाच्या तोंडून शब्द नाही. देवाचं नुकसान नको म्हणून मी ऐटीत शंभर म्हणालो. काका एकशे दहा म्हणाले. मी हसत हसत दोनशे म्हणालो. सरोजने कोपराने ढोसलं, तर मला वाटलं ती खर्चाचं सुचवतेय. मागे काका खाली बसल्याचा बाकाचा आवाज आला. पाळकांनी रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, कोहळं आणून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि ठेवता ठेवता ते फिरलं.

त्याच्या दुसऱ्या बाजूला, सालीवर, पांढरट उठलेल्या वणांनी वीतभर नाव लिहिलेलं होतं. प्रकाश.

प्रकाश माझा थोरला भाऊ. एकेचाळीस वर्षांपूर्वी घरातून गेला तो परत आला नाही.

तो का गेला हे मी सांगणार नाही. एक तर मला ते नीट ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ते आई-बाबा दोघेही आता देवळामागच्या कबरस्तानात शेजारी शेजारी आहेत. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, तो एकोणीसचा. त्या दिवशी घरात हरभऱ्याचा ओला पाला शिजत होता. बाबांच्या कोटाला नेहमीसारखा टिंक्चरचा वास होता, कारण ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. एवढंच आठवतं. आणि घंटेचा दांडा. आमच्या देवळाची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ती वाजवायचं काम प्रकाशदादाचं होतं. दोन ठोके सावकाश, मग एक झटक्यात, की सगळ्या गावाला कळायचं प्रकाश उठला, आता आपणही उठावं. जाताना त्याने तो लोखंडी दांडा पुसून, देवळाच्या खिडकीच्या कोनाड्यात जागच्या जागी ठेवला होता. पुढच्या रविवारी तो माझ्या हातात आला. माझे ठोके ऐकून शेजारची मंडळी विचारत, आज देवळात भांडी घासून राह्यले काय.

कोहळ्याची रीत आईने त्याच वर्षी सुरू केली.

आमच्या परसात कुंपणावर चढवलेला एक वेल असे. आषाढात बी टाकायचं, श्रावणात पानाआड फळं धरायची. त्यातलं एक, पेरूएवढं झालेलं, आई निवडायची. निवडताना ती फळांशी अशी बोलायची, जणू शाळेत वर्ग-मॉनिटर नेमतेय. मग लुगड्याला लावलेली सेफ्टी पिन काढून त्या कोवळ्या सालीवर नाव लिहायची. पिनेमागे पाण्यासारखा चीक यायचा, थेंब थेंब, आणि उन्हात वाळून त्याचा डिंक व्हायचा. तो कच्चा, हिरवा, काकडीसारखा वास अजून माझ्या नाकात आहे. त्या दिवशी नाव मुंगीच्या रांगेएवढं असे. मग फळ वाढायचं आणि त्याच्याबरोबर नावही वाढायचं. भाद्रपदात बोटाएवढं, नवरात्राच्या सुमारास तळव्याएवढं. शाळेतून आलो की दप्तर टाकण्याआधी मी परसात जाऊन बघायचो, दादा आज केवढा झाला.

यात एक कसब होतं. पिन वरवर फिरवली तर नाव पुसून जातं. खोल गेली तर फळ सडतं. आईचा हात बरोबर मधोमध चालायचा. बाबा म्हणायचे, एवढा हलका हात इंजेक्शन देताना माझा असता तर पोरं मला पाहून पळाली नसती.

कोहळं पिकलं की ती ते हंगामाच्या सणाला नेई. पहिल्या वर्षी लिलावात ते पुकारलं गेलं तेव्हा बाबांनी बोली लावली आणि दुसऱ्या कोणीच तोंड उघडलं नाही. ठरलं असं काही नव्हतं. पण तेव्हापासून रीत पडली की नावाच्या कोहळ्यावर घरच्यांशिवाय कोणी बोलायचं नाही. आईने द्यायचं, बाबांनी घ्यायचं, आणि दोघांनी मिळून घरी आणायचं. बाबा गेल्यावर आई स्वतःच बोली लावू लागली. स्वतःच दिलेल्या कोहळ्यासाठी ती पदर सावरून इतक्या ठसक्यात उभी राहायची की परगावचा पाहुणा असला तर त्याला वाटावं, बाईला कोहळ्याची फारच आवड.

घरी आणल्यावर ते शिंक्यात टांगलं जायचं, नाताळपर्यंत. नाताळच्या आदल्या दिवशी आई ते चिरायची. नावाची साल अखंड काढून ठेवायची आणि नंतर वेलाच्या जागी मातीत पुरायची. गर किसून, गूळ घालून, त्याच्या घाऱ्या तळायची. दादाला घाऱ्या फार आवडायच्या. गरम घारी तो या हातातून त्या हातात उडवत, फुंकत खायचा. गुळाचा, तेलाचा आणि कंदिलावर तापलेल्या पतंगी कागदाचा वास एकमेकांत मिसळला की माझ्यासाठी नाताळ व्हायचा. पहिल्या दोन घाऱ्या ताटलीत झाकून ठेवलेल्या असत. दुसऱ्या दिवशी त्या मी खायचो. इतकी वर्षं मी माझ्या भावाच्या वाटच्या घाऱ्या खाल्ल्या आणि त्या कधीही शिळ्या लागल्या नाहीत, हेही कबूल करतो.

दर गुरुवारी कोणा ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा असे. ओसरीवर सतरंजी, मध्ये कंदील, गीतांची पुस्तकं कडा झिजलेली. शेवटी पाळकसाहेब विचारत, कोणाची काही विनंती? मग एकेक जण सांगे. कोणाची म्हैस आटलेली, कोणाची पोर दहावीला, कोणाच्या कमरेत उसण. म्हैस दूध देऊ लागायची, पोर पास व्हायची, कमर सरळ व्हायची. पुढच्या गुरुवारी लोक उभे राहून साक्ष द्यायचे आणि माझी आई सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणायची. तिची विनंती एकच, माह्या प्रकाशले घरी आण. वर्ष गेलं, सहा गेली. मग एका पाळकसाहेबांनी, बिचाऱ्यांना उशीर होत होता, सगळ्यांच्या विनंत्या घेतल्या आणि डोळे मिटण्याआधी म्हणाले, "आणि मार्थाबाईंची नेहमीची."

आई भिंतीला टेकून बसली होती. ती टेकण सोडून ताठ झाली. "नेहमीची नाही, साहेब," ती म्हणाली. "आजची हाये."

कंदिलाची वात फुरफुरत होती. पाळकसाहेबांनी मान खाली घातली आणि तिची विनंती पूर्ण, नावासकट म्हटली. त्यानंतर कोणी तिला नेहमीची म्हणालं नाही. तोंडावर तरी.

मधल्या काळात एकदा कोणीतरी सांगितलं की दुसरबीडला रस्त्याकडेच्या हॉटेलात प्रकाशसारखा एक जण पाहिला, चालणं तसंच, मान तशीच. बाबांनी रजा टाकली, धुतलेला कोट घातला आणि एसटीने गेले. आईने एका डब्यात घाऱ्या दिल्या, दुसरीकडून कोहळं आणून केलेल्या. संध्याकाळी बाबा उतरले. डबा रिकामा होता. आम्ही धावलो. ते म्हणाले की पोरगं भलतंच होतं, पण भुकेलं होतं. एवढं बोलून ते कोट काढून खुंटीला अडकवत बसले, आणि तो खुंटीला अडकेना.

आता माझ्या वर्षाचं सांगतो. मी चौदाचा असेन. त्या श्रावणात आईच्या बोटाला नखुरडं झालं होतं, तेव्हा तिने पिन माझ्या हातात दिली. त्याआधीच्या नाताळाला मी देवाशी एक करार केला होता. दादा आला तर मी आयुष्यभर कधी खोटं बोलणार नाही. माझ्या बाजूने मी बावीस दिवस करार पाळला होता. देवाने काहीच केलं नव्हतं. मी वेलापाशी उकिडवा बसलो. आईने शिकवल्यासारखी पिन धरली, आणि पहिलंच अक्षर लिहिताना माझ्या हाताला काय झालं कोण जाणे. मी दाबलं. एकेका अक्षराबरोबर दाबत गेलो. राग देवाचा होता, का दादाचा, का आईच्या त्या रोज उठून मागण्याचा, आजही सांगता येणार नाही. चीक माझ्या मनगटापर्यंत आला.

आठ दिवसांत ते फळ खालून मऊ पडलं. मग काळं झालं. आईने बघितलं, माझ्याकडेही बघितलं, आणि म्हणाली की यंदा पाऊसच वाईट आहे. उशिरा धरलेलं एक छोटं फळ होतं, त्यावर तिने दुखऱ्या बोटाने नाव लिहिलं. सणापर्यंत ते नारळाएवढंच झालं, नाव करंगळीएवढं. देवळात दगडासारख्या मोठाल्या कोहळ्यांमध्ये ते ठेवलं तेव्हा दिसतही नव्हतं. बाबांनी ते घेतलं आणि घरी येताना खिशात घालतो म्हणून आईला हसवलं. मी मागे चालत होतो. मी कोणाला काही सांगितलं नाही.

मग शिक्षण, अकोला, नोकरी, लग्न, पोरगी. आई एकटीच गावी राहिली. नातीच्या वाढदिवसाला चार दिवस आली तरी गुरुवारच्या आत परत. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात ती गेली. शेवटच्या दिवशी तिने मला विचारलं, नाव टाकलं का? मी हो म्हणालो. टाकलं नव्हतं. बावीस दिवसांच्या कराराचं काय झालं ते यावरून कळेल. तिसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून मी अकोल्याला निघालो, परसात गेलोसुद्धा नाही.

तेव्हापासून मी मागणं सोडलं. देऊळ सोडलं नाही. दर रविवारी जातो, गातो, माझा आवाज बरा आहे असं सरोजशिवाय सगळे म्हणतात. रोज संध्याकाळी जेवणाआधी घरची प्रार्थना मीच चालवतो. पण त्यात फक्त आभार. दिवसाबद्दल, अन्नाबद्दल, निवाऱ्याबद्दल, आमेन. काही मागायचं असलं, पोरीची परीक्षा किंवा कोणाचं आजारपण, तर ते सरोज म्हणते. तिने एकदाही विचारलं नाही की तुम्ही का म्हणत नाही. पण माझं आमेन झाल्यावर ती जरा वेळ डोळे मिटूनच बसते. तेवढ्यात भाजी गार होते, आणि मी गार भाजीबद्दल कुरकुर करतो.

तर असा मी, मांडीवर ते कोहळं घेऊन पहिल्या बाकावर.

लिलावानंतर देवळाबाहेर मांडव टाकून जेवण होतं. वरण, भात, वांग्याची भाजी. याकोबकाका कडुनिंबाखाली, रुळाच्या त्या तुकड्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. मी कोहळ्यासकट त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याऐवजी कोहळ्याकडेच बघितलं.

"पैसा उतू चालला काय बे अकोल्यात?" ते म्हणाले.

मी म्हणालो की काका, मला दिसलंच नाही, नाव मागच्या बाजूला होतं. ते म्हणाले की पाळक नवा आहे, त्याला कोहळ्याचं तोंड कोणतं अन् पाठ कोणती ते कळत नाही. मग त्यांनी सांगितलं. आईच्या मातीनंतर त्यांची बायको, शेजारच्याच घरातली रूथकाकू, कुंपणावरून आमच्या परसात डोकावली. वेलाला फळ होतं आणि नाव नव्हतं. तिने आपल्या केसांतला आकडा काढला आणि लिहिलं. त्या वर्षीचं कोहळं काकांनी आणलं आणि काकांनीच घेतलं. घाऱ्या काकूने तळल्या. बी ठेवलं. दुसऱ्या वर्षी ते आपल्या परसात लावलं. यंदा पावसाळ्यात काकूला दिसेनासं झालं, तर काकांनी स्वतः लिहिलं. कंपवाताच्या हाताने. म्हणून ते नाव मला जरा थरथरलेलं दिसत होतं.

मी विचारलं की मला का कळवलं नाही.

"तुले काय कळवाचं?" काका म्हणाले. "तूच येशीन म्हनून वाट पाहून राह्यलो होतो."

मला वाटलं, एवढ्यावर थांबतील. मीच थांबलो नाही. मी म्हणालो, "काका, एकेचाळीस वर्षं झाली. तुम्हाला कधी वाटलं नाही का, कशासाठी?"

"वाटते ना. दरसाली वाटते." त्यांनी कोहळ्यावरून हात फिरवला, डोळे मिटून वाचावं तसा, अक्षरांवरून. "पन तुही माय गेली तवा वेलाले फळ होतं. मंग म्या काय करू, उपटून फेकू?"

रूथकाकू जवळ येऊन माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपू लागली. म्हणाली की जाडा झालास. मग तिने हळूच विचारलं की दोनशे खरंच देणार आहेस ना, का नुसता बोलला. मी दिले. निघताना काकांना सलाम केला, तर त्यांनी सलाम घेतला नाही, कोहळं उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं. म्हणाले, "सांभाळून ने. तुह्याच घरचं हाये."

चिखलीला गाडी बदलली. दुसऱ्या गाडीत गर्दी, त्यामुळे कोहळं सबंध रस्ता मांडीवर. खिडकीबाहेर कापूस फुटलेला, तूर फुला-शेंगांनी भरलेली. शेजारच्या माणसाने विचारलं की प्रकाश कोणती जात, चांगलं बी दिसतं. मी म्हणालो, जुनी आहे. सरोज खिडकीकडे तोंड करून हसली, मग बराच वेळ तिने तोंड इकडे फिरवलं नाही. त्या गाडीत, एसटीच्या खडखडाटात, मी तिला ते चौदाव्या वर्षाचं सांगितलं. पिन, चीक, सडलेलं फळ, पाऊस वाईट आहे म्हणालेली आई. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. तिने ऐकलं. कोहळ्याचा देठ माझ्या पोटात टोचत होता तो तिने जरा बाजूला वळवून दिला.

घरी ते स्वयंपाकघरात फडताळावर राहिलं, नाव पुढे करून. महिनाभर मी चहा घेताना त्याच्याकडे पाठ करून बसायचो. पाठ केली की नाव जास्तच दिसतं असं लक्षात आल्यावर समोर बसू लागलो.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सरोजने ते चिरलं. ती जालन्याकडची. तिच्या घरी ही रीत नव्हती, पण आईला करताना तिने पाहिलं होतं. नावाची साल तिने अखंड काढली आणि एका बशीत ठेवली. घरभर तोच वास झाला. गूळ, तेल, गरम कोहळं. ती ताटलीत पहिल्या दोन घाऱ्या झाकत होती, आणि मी बारा वर्षांचा होऊन दाराशी उभा होतो, टक्कल आणि चष्म्यासकट.

संध्याकाळी जेवणाआधी आम्ही दोघं बसलो. पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. मी डोळे मिटले, दिवसाबद्दल आभार मानले, अन्नाबद्दल मानले, निवाऱ्याबद्दल मानले. इथे नेहमी आमेन येतं. ते आलं नाही. मी म्हणालो, "आणि प्रकाशदादाला." पुढचं क्रियापद मला सापडेना. आण, सांभाळ, भेटव. तो आता साठीचा असेल. आहे का नाही, हेही मला माहीत नाही. आईला ते माहीत नसूनही तिच्या तोंडी शब्द कसा तयार असायचा. मी पुन्हा म्हणालो, प्रकाशदादाला. आणि तसंच, अर्धवटच, आमेन म्हणून टाकलं.

सरोजचं आमेन माझ्या पाठोपाठ आलं. या वेळी तिने डोळे लगेच उघडले. भाजी गरम होती, म्हणून मी कुरकुर करायला काही शोधत होतो. ती उठली, ओट्यामागून एक जुना डबा आणला आणि माझ्यापुढे उघडून धरला. आत दुपारच्या कोहळ्यातल्या, राखेत घोळवलेल्या बिया होत्या.

"गच्चीवर ड्रमात लावू," ती म्हणाली. "श्रावणात पिन मी तुमच्याच हातात देणार आहे. या खेपेला दाबू नका."